एकाच पाण्याचे दोन प्रवासी : पट्टकदंब आणि चतुर

(यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे शेतकरी व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोळ्याच्या आगेमागे कपाशीच्या आणि सोयाबीनच्या शेतांवर पिवळसर रंगाचे चतुर शेकड्यांनी घिरट्या घालीत असतात. पावसाची सर ओसरून ऊन पडले की त्यांचे थवे डोक्याएवढ्या उंचीवर सारखे येरझाऱ्या घालतात. हे दृश्य आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले आहे. दसरा-कोजागरी उलटली म्हणजे ते हळूहळू दिसेनासे होतात. ते कोठे गेले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कीटकच तो, मेला असेल, अशी आपली समजूत असते.

पुढे दिवाळी होते, हरभरा वर येतो, गव्हाला पहिले पाणी दिले जाते, आणि त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील मोठ्या जलाशयांवर दुसरे पाहुणे उतरतात. करड्या अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेले हे हंस होत. मराठी पक्षिनिरीक्षक त्यांना पट्टकदंब म्हणतात. होळीपर्यंत त्यांचा मुक्काम असतो, आणि मग तेही एका रात्री निघून जातात.

एक पक्षी आणि एक कीटक. पट्टकदंबाचे वजन दोन ते तीन किलो, तर चतुराचे जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. म्हणजे एका हंसाच्या भारोभार चतुर घालावयाचे झाले तर सुमारे आठ हजार लागतील. अशा दोन जीवांची तुलना करण्याचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटेल. प्रयोजन हे की, हे दोघेही जगातील अत्यंत लांब पल्ल्याच्या प्रवाशांपैकी आहेत, दोघेही पैनगंगेच्या खोऱ्यासारख्या प्रदेशातील पाण्याच्या भरवशावर येतात, आणि त्या पाण्याची प्रकृती कशी आहे हे दोघेही आपापल्या परीने सांगतात. एकाची साक्ष थोरल्या पाण्याची आहे, दुसऱ्याची धाकट्या पाण्याची.

हिमालय ओलांडणारा पक्षी

पट्टकदंबाचे शास्त्रीय नाव अन्सर इंडिकस असे आहे. १७९० मध्ये लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने भारतातून मिळालेल्या पक्ष्यावरून त्याला हे नाव दिले. नावात भारत असला तरी या पक्ष्याचे जन्मस्थान बहुतांशी भारताबाहेर आहे. मंगोलिया, चीनमधील छिंघाई प्रांत, तिबेटचे पठार आणि आपल्याकडील लडाख येथील उंच सरोवरांच्या काठी तो उन्हाळ्यात घरटी करतो. मादी सुमारे महिनाभर अंडी उबविते, आणि पिल्ले जवळजवळ दोन महिन्यांत उडू लागतात. थंडीची चाहूल लागताच सारे कुटुंब दक्षिणेकडे निघते. वाटेत हिमालय उभा असतो.

या प्रवासाविषयी पूर्वी अनेक आख्यायिका होत्या. हे हंस सर्वोच्च शिखरांवरून उडत जातात, असे सांगितले जाई. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या पाठीवर लहान यंत्रे बसवून उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नोंदविला, तेव्हा खरी हकिगत कळली. हे पक्षी शक्यतो शिखरे टाळून खिंडी आणि दऱ्यांच्या आधाराने जातात. जमीन चढली की ते चढतात, उतरली की उतरतात. उंचावरच्या विरळ हवेत पंख मारण्यासाठी इतकी शक्ती लागते की, विनाकारण उंच राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते. तरीसुद्धा एका पक्ष्याची सर्वाधिक उंचीची नोंद ७,२९० मीटर इतकी आहे. हिमालयाची दक्षिण बाजू चढण्यास त्यांना सात ते आठ तास पुरतात. ही चढाई ते पुष्कळदा रात्री किंवा पहाटे करतात, कारण त्या वेळी हवा थंड आणि दाट असते व पंखांना चांगला आधार मिळतो.

अशा उंचीवर माणसाला चार पावले चालणे कठीण होते. पट्टकदंबाच्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये मात्र एक सूक्ष्म बदल आहे, त्यामुळे ते विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक ओढून घेते. त्याची फुप्फुसे मोठी आहेत, आणि उडण्याच्या स्नायूंत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट आहे. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी बांधलेले पट्टकदंब भारतातील जलाशयांवर, महाराष्ट्रातही, आढळलेले आहेत. तिकडे नोंदलेला क्रमांक इकडे दुर्बिणीतून वाचला गेला, आणि दोन देशांमधील नाते सिद्ध झाले.

समुद्र ओलांडणारा कीटक

आता चतुराकडे वळू. चतुरांच्या अनेक जाती आपल्याकडे आहेत. त्यांतील जी जात पावसाळ्यात शेतांवर थव्यांनी दिसते तिचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लावेसेन्स असे आहे. १७९८ मध्ये फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने तिची नोंद केली, आणि तीही भारतातील नमुन्यावरूनच. हा चतुर क्वचितच बसतो, दिवसभर हवेतच असतो. म्हणून त्याला येथे भटका चतुर म्हणू. त्याची लांबी चार-साडेचार सेंटिमीटर, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे आठ सेंटिमीटर. जगातील सर्वांत दूरवर पसरलेला चतुर हाच होय. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरदेखील तो पोहोचलेला आहे.

मालदीव बेटांवर दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात हे चतुर लाखोंच्या संख्येने अचानक दिसू लागतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याचे उघडे साठे जवळजवळ नाहीत, म्हणजे इतके चतुर तेथे जन्मणे शक्य नाही. चार्ल्स अँडरसन या तेथे राहणाऱ्या सागरी जीवशास्त्रज्ञाने अनेक वर्षे नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हे चतुर भारतातून येतात, उंचावरील अनुकूल वाऱ्यांवर स्वार होऊन मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात, आणि त्यांची पुढची पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारताकडे परतते, असे त्याने मांडले. मालदीवपासून आफ्रिकेचा किनारा अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि मध्ये उघडा समुद्र आहे. जाण्यायेण्याचा पूर्ण फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा होतो.

अनेकांना हे प्रथम अविश्वसनीय वाटले. चतुराच्या पाठीवर यंत्र बांधावे तर यंत्रच त्याच्यापेक्षा जड. मग शास्त्रज्ञांनी एक निराळा पुरावा शोधला. चतुराचे पंख तो पाण्यात असतानाच घडतात, आणि ज्या पाण्यात ते घडले त्या पाण्यातील हायड्रोजनच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण पंखांत कायमचे राहते. हे प्रमाण प्रत्येक प्रदेशाच्या पावसात वेगवेगळे असते. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले असता, ते उत्तर भारतात किंवा त्याहूनही पलीकडे जन्मलेले असावेत असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. ज्या डबक्यात जन्म झाला त्याचा दाखला चतुर आपल्या पंखावर घेऊन हिंडत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पंख आणि श्वास

उडण्याची कला दोघांनी निरनिराळ्या काळी साधली. चतुरांचे पूर्वज सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत होते, आणि त्यांच्यातील काहींच्या पंखांची रुंदी पाऊण मीटरच्या जवळपास होती. पक्षी त्यानंतर फार उशिरा, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी अवतरले. या दृष्टीने पाहता आकाशात चतुर हा वडीलधारा आहे आणि हंस धाकटा.

पट्टकदंबाला पंख दोन. ते छातीच्या बळकट स्नायूंनी हलतात, आणि तो जवळजवळ सर्व वेळ पंख मारीतच जातो. घारी-गिधाडांसारखे तरंगत राहणे त्याला साधत नाही. वाटखर्चासाठी तो अंगात चरबी साठवून घेतो. चतुराला पंख चार, आणि चारही स्वतंत्रपणे हलविता येतात. म्हणून तो हवेत एके ठिकाणी थांबू शकतो व क्षणात वळू शकतो. भटक्या चतुराचे मागचे पंख बुडाशी विशेष रुंद असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर पंख न हलविता बराच वेळ तरंगतो. त्याच्याही अंगात चरबी असते, पण हवेत उडणारे बारीक कीटक तो वाटेतच पकडून खातो. हंस शिदोरी बांधून निघतो, चतुर बराचसा वाऱ्याच्या आणि वाटेवरील अन्नाच्या भरवशावर निघतो.

श्वासाची व्यवस्थाही भिन्न आहे. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्यामुळे फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. चतुराला फुप्फुसे नाहीत. त्याच्या अंगावरील बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट स्नायूंपर्यंत जाते. लहान शरीराला ही व्यवस्था उत्तम पुरते, मोठ्या शरीराला पुरत नाही.

वाट कोण दाखवितो ?

दोघांमधील सर्वांत मोठा भेद मात्र अंगात नसून आयुष्यात आहे. पट्टकदंब अनेक वर्षे जगतो. जन्मलेल्या वर्षी पिल्लू आईबापांच्या सोबत दक्षिणेकडे येते, हिवाळाभर त्यांच्याजवळच राहते, वाट पाहून ठेवते आणि परत जाते. वडीलधाऱ्यांनी दाखविलेली वाट पुढच्या पिढीने चालावी, अशी ही रीत आहे. म्हणूनच ज्या जलाशयावर त्यांना निर्धोक थारा मिळाला तेथे ते पुनःपुन्हा येतात, आणि एखादे स्थान मोडले तर ती सवयच तुटते.

चतुराला आईबाप भेटतच नाहीत. मादी पावसाच्या ताज्या डबक्यात अंडी घालून पुढे निघून जाते. जून-जुलैत मोसमी वाऱ्यांबरोबर जे चतुर येथे येतात त्यांची पिल्ले येथे वाढतात, आणि ऑक्टोबरात निघणारे चतुर ते हेच. वार्षिक फेरा पूर्ण होण्यास चार पिढ्या लागतात असा अंदाज आहे. म्हणजे येथून गेलेला चतुर कधीच परत येत नाही, त्याची पणतवंडे येतात. त्यांना वाट दाखविणारे कोणी नसते. पाऊस जेथे पडेल तेथे वारा त्यांना नेतो, आणि तेथे पाणी साचलेले असेल असा निसर्गाचा करार असतो.

हा करार मोडला तर काय होते, येथेच आपल्या गावाचा संबंध येतो.

थोरले पाणी आणि धाकटे पाणी

पट्टकदंबाला विस्तीर्ण उघडे पाणी हवे असते. दिवसा तो जलाशयात किंवा काठावरील उथळ भागात विसावतो, म्हणजे कोल्हा-कुत्रा दुरून दिसावा. सायंकाळनंतर तो काठावरील गवतात किंवा जवळच्या शेतांत चरावयास जातो. गव्हा-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात थवा उतरला तर नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या काठांवर गवताचे पट्टे शिल्लक असतात तेथे त्याचे पोट पुष्कळसे त्या गवतावरच भरते. जलाशयाचे पाणी उतरू लागले म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा अगदी पाण्यापर्यंतचा प्रत्येक हात नांगरला गेला, तर पक्ष्याला पिकाखेरीज दुसरे काही उरत नाही.

अशा थोरल्या पाण्याची काळजी वाहण्याचे काम मुख्यतः शासनाचे आहे, आणि त्या दिशेने काही पावले पडलेली आहेत. पैनगंगेवरील इसापूर जलाशयाच्या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळालेला आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि विदर्भातील लोणार सरोवर यांचा २०२० पर्यंत, तर ठाणे खाडीचा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. पक्षी मोठा असतो, डोळ्यांत भरतो, त्याची गणना होते, त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूच्या साथीत हजारो पाणपक्षी मेले, त्यांत पट्टकदंबांची संख्या सर्वाधिक होती. ती वार्ता देशभर पोहोचली.

चतुराचे तसे नाही. त्याला थोरले पाणी नकोच असते. तेथे मासे असतात, आणि मासे त्याची पिल्ले खातात. त्याला हवे असते ते पावसाने भरलेले उथळ, उन्हाने कोमट झालेले डबके. धुऱ्याकडेचा खड्डा, नाल्यातील बांधामागे अडलेले पाणी, गावाबाहेरची खोलगट जागा, एवढे त्याला पुरते. अशा पाण्यात पिल्लू, ज्याला शास्त्रात डिंभ म्हणतात, सुमारे सहा ते नऊ आठवड्यांत वाढते. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाद्य होय. पूर्ण वाढ झाली की ते रात्री एखाद्या काडीवर चढते, कात टाकते, आणि सकाळी पंख वाळवून उडून जाते.

म्हणजे चतुराचा हिशेब आठवड्यांचा आहे. जुलैच्या आरंभी साचलेले पाणी ऑगस्टअखेरपर्यंत टिकले आणि स्वच्छ राहिले, तर एक पिढी आफ्रिकेच्या वाटेला लागते. पाणी आधीच आटले किंवा त्यात विष उतरले, तर ती पिढी तेथेच संपते. या धाकट्या पाण्याची नोंद कोणत्याही सरकारी यादीत नसते. ते राखणे अथवा बिघडविणे सर्वस्वी गावाच्या हाती असते.

फवारणीचे दिवस

डिंभाचे पाण्यातील हे आठवडे आणि कपाशीवरील फवारणीचे दिवस एकच आहेत, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्ह्यात सर्वांत अधिक फवारणी होते. पावसाची सर आली की पानांवरील औषध धुपून उताराने खाली जाते. पंप जेथे धुतले जातात, रिकाम्या बाटल्या जेथे विसळल्या जातात, ते ठिकाणही पुष्कळदा नाल्याचेच असते. सारे उतार शेवटी त्याच डबक्यात मिळतात.

कीटकनाशक हे कीटकांसाठीच बनविलेले असते. मावा कोणता आणि चतुर कोणता हे त्याला कळत नाही. जपानमध्ये भातखाचरांतून हजारोंनी निघणारे तांबडे चतुर हे शरद ऋतूचे लाडके चिन्ह आहे. तेथे १९९० नंतरच्या दशकात अनेक भागांत त्यांची संख्या झपाट्याने घटली. रोपांच्या ट्रेमध्ये वापरल्या जाऊ लागलेल्या फिप्रोनिलसारख्या नव्या कीटकनाशकांचा या घटीशी निकटचा संबंध असल्याचे तेथील संशोधकांना आढळले. चतुर कमी झाले ही तक्रार प्रथम शास्त्रज्ञांची नव्हती, लहानपणी त्यांच्यामागे धावलेल्या सामान्य माणसांची होती.

यवतमाळ जिल्ह्याला तर या प्रश्नाची झळ माणसांच्या रूपाने बसली. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले, आणि वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती, हवेत उकाडा व दमटपणा होता, निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारली गेली, आणि अंगावर संरक्षक साधने नव्हती. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला त्या घरांना या विषयाचे गांभीर्य कोणी समजावून सांगावयास नको.

चतुराचा विषय त्या दुःखापेक्षा मोठा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु विष एकच आहे. डबक्यातील डिंभ मरतो तेव्हा ते विष शेताबाहेर पडून पाण्यात उतरलेले असते, आणि त्याच पाण्यावर गुरे येतात, त्याच ओलीतून ते विहिरीकडे झिरपते. चतुर हा या पाण्याचा पहिला साक्षीदार आहे. हंसाची साक्ष वर्षानुवर्षांनी मिळते, चतुराची त्याच हंगामात मिळते. ज्या शिवारात पूर्वी पोळ्याला चतुरांचे थवे असत आणि आता ते विरळ झाले, तेथील जाणत्या माणसांनी हे का झाले, असे विचारावयास हवे.

गावाच्या हाती काय आहे ?

फवारणी बंद करा, असा उपदेश शेतकऱ्याला करणे सोपे आहे, परंतु तो निरर्थक आहे. बोंडअळीने पीक गेले तर वर्षाचे गणित बिघडते. चतुर बोंडअळी संपवील, असा दावाही करता येणार नाही. बोंडाच्या आत दडलेली अळी त्याच्या हाती लागत नाही. तो खातो ते हवेत उडणारे डास, माश्या, चिलटे आणि बारीक पतंग. त्याचप्रमाणे घरातील रांजण, टाकी आणि टायर यांतील डासांना तो आळा घालू शकत नाही. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्यास पर्याय नाही.

तथापि पुष्कळ गोष्टी अशा आहेत की, त्यांनी शेतकऱ्याचा जीव, खर्च आणि पाणी ही तिन्ही वाचतात. किडींची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्याखेरीज फवारू नये. त्यासाठी कामगंध सापळे लावावेत आणि आठवड्याला झाडे मोजून पाहावीत. आरंभीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. निंबोळ्या गावातच मिळतात, फक्त उन्हाळ्यात गोळा करून ठेवाव्या लागतात. बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने कमी. शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. हातमोजे, मुखपट्टी, चश्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांच्यावाचून मजुरास पंप देऊ नये. मजुराच्या जिवाची जबाबदारी मालकावर असते.

पाण्यासाठी आणखी दोन गोष्टी कराव्यात. नाला, विहीर आणि डबके यांच्या काठालगतचे काही तास फवारणीवाचून सोडावेत व तेथे गवत राहू द्यावे. हे गवत वाहून येणारी माती आणि औषध बरेचसे अडविते. पंप व भांडी नाल्यात कधीही धुऊ नयेत, आणि रिकाम्या बाटल्या पाण्यात किंवा धुऱ्यावर टाकू नयेत.

शेततळी, पाझर तलाव आणि नाल्यावरील बांध यांच्या योजनांतून गेल्या काही वर्षांत गावोगावी पाण्याचे साठे निर्माण झाले. प्लॅस्टिक अंथरलेल्या उभ्या काठाच्या तळ्यात पाणी पुष्कळ टिकते, पण त्यात जीवसृष्टी वाढत नाही, आणि पडलेले जनावर वर येऊ शकत नाही. जेथे अस्तरीकरणाची गरज नाही तेथे तळ्याची एक बाजू तरी उतरती ठेवावी. त्या उथळ काठावर गवत वाढेल, चतुर अंडी घालतील, वटवटे व पाणकाठचे पक्षी येतील, गुरांनाही पाणी पिता येईल.

विद्यार्थ्यांसाठीही एक काम आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे त्यांचे एक काम आहे. शाळेने त्या वहीत दोन साध्या नोंदी दरवर्षी कराव्यात. पहिला भटका चतुर कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा कोणत्या तारखेला, ही एक. जवळच्या जलाशयावर पट्टकदंब केव्हा उतरले, किती होते आणि केव्हा गेले, ही दुसरी. यासाठी वही, पेन्सिल आणि शक्य झाल्यास एक दुर्बीण एवढे पुरे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत असताना विदर्भातील जंगलांत अशाच नोंदी केल्या, आदिवासी व कोळी बांधवांकडून पक्ष्यांची नावे जमविली, आणि पुढे मराठीला पक्षिकोश मिळाला. दहा वर्षे चाललेली शाळेची वही हा गावाच्या पाण्याचा जमाखर्चच ठरेल.

समारोप

बंधुभगिनींनो, पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो, तेव्हा तो उन्हाळा मंगोलिया-तिबेटच्या सरोवरांवर काढून आलेला असतो. त्या सरोवरांवर आपली सत्ता नाही. चतुर समुद्र ओलांडून जातो, तेव्हा त्याला नेणारा वारा आपल्या ताब्यात नाही. दोघांच्याही प्रवासाचा फार मोठा भाग आपल्या शिवाराबाहेर घडतो. आपल्या वाट्याला येतो तो एक मुक्काम. हंसासाठी तो चार महिन्यांचा, काठावरच्या गवताचा आणि निर्धोक पाण्याचा. चतुरासाठी तो सहा-सात आठवड्यांचा, एका उथळ डबक्याचा.

येत्या पावसाळ्यात पंप खांद्यावर घेण्यापूर्वी शेतकऱ्याने शेताच्या खालच्या अंगाला साचलेले पाणी एकदा पाहावे. त्यात डिंभ हिंडत असतील, काडीवर चतुराची वाळलेली कात चिकटलेली असेल, तर ते पाणी अजून जिवंत आहे असे समजावे, आणि पंप धुण्यासाठी बादली घेऊन दुसरीकडे जावे. त्या कातीतून निघालेला चतुर दिवाळीच्या सुमारास कदाचित मालदीवच्या आकाशात असेल. तेव्हा येथे थंडी पडू लागलेली असेल, आणि उत्तरेकडून हंस यावयाचे दिवस आलेले असतील.